देशी चाल कोणाची? : मराठी ख्रिस्ती उपासनासंगीतातील निवडीचा इतिहास

प्रस्तावना

रविवारच्या उपासनेत कोणती गीते गायली जावीत, हा प्रश्न वरकरणी पाळकाच्या किंवा गायकवृंदाच्या सोयीचा वाटतो. परंतु ज्या समाजात गाण्याची चाल ऐकताच गाणाऱ्याचा धर्म, जात आणि गाव ओळखले जाते, त्या समाजात ही निवड सामाजिक इतिहासाचा विषय ठरते. मराठी ख्रिस्ती समाजाने गेल्या चार शतकांत ओवी, इंग्रजी हिम, कीर्तन, अभंग आणि भजन असे अनेक गानप्रकार उपासनेत आणले, काही टाकले, तर काहींना कधीच आत घेतले नाही. या घडामोडींचे वर्णन बहुधा ‘परकीय संगीताकडून देशी संगीताकडे’ अशा सरळ रेषेत केले जाते. प्रस्तुत निबंधात या मांडणीची फेरतपासणी केली आहे. ‘देशी’ हा शब्द एकवचनी नव्हता, देशी संगीतातही निवड होत होती, आणि त्या निवडीमागे जातिव्यवस्थेचा अनुभव होता, असे येथे प्रतिपादन केले आहे.

पूर्वपीठिका : साष्टीतील ओवी

या इतिहासाचा आरंभ इंग्रजी अमदानीत नव्हे, तर पोर्तुगीज गोव्यात शोधावा लागतो. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ चर्चमध्ये आणि भाविकांच्या मेळाव्यात वाचला जाई. ग्रंथाच्या आरंभी नवख्रिस्ती लोक पाद्रीगुरूकडे, जुनी पुराणे सुटली, आता त्यांच्या जागी आम्हांस काय, अशा आशयाची मागणी करतात. हा प्रसंग काव्यगत असला तरी त्यातून व्यक्त होणारी उणीव काल्पनिक मानण्याचे कारण नाही. धर्म बदलला तरी ओवीची सवय कानांतून जात नाही, हे स्टीफन्स यांनी ओळखले होते.

ही उदारता टिकली नाही. १६८४ च्या फर्मानाने स्थानिक भाषेच्या वापरावर आघात केला आणि १७३६ मध्ये इन्क्विझिशनच्या आज्ञापत्राने लग्नप्रसंगी गायल्या जाणाऱ्या ओव्यांसारख्या चालीरीतींवर बंदी घातली. ज्या ओवीतून ख्रिस्तचरित्र सांगितले गेले, तीच ओवी लग्नमांडवात ‘हिंदू’ ठरली. चालीला स्वतःचा धर्म असतो काय, हा वाद येथे प्रथम स्पष्टपणे उभा राहिलेला दिसतो. पुढे अहमदनगरच्या मंडळीत तो वेगळ्या रूपाने उद्भवला.

मीटर आणि छंद

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे केंद्र सुरू झाले. स्कॉटिश मिशनचे कार्यही याच काळात कोकण, पुणे, मुंबई या भागांत विस्तारले. या मिशनऱ्यांसाठी उपासनासंगीत म्हणजे हिम होते. साहजिकच आरंभीची अनेक मराठी गीते म्हणजे इंग्रजी हिमची भाषांतरे, आणि तीही मूळ चालीवर बसविलेली.

येथे एक छंदशास्त्रीय अडचण होती आणि तिच्याकडे वाङ्मयेतिहासात पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. इंग्रजी हिमची रचना आघातावर उभी असते. ‘कॉमन मीटर’ या प्रचलित प्रकारात आठ व सहा अक्षरांच्या ओळी आलटून पालटून येतात, बहुधा एक अक्षर आघातहीन आणि पुढचे आघातयुक्त असते, आणि चालीतील जोराच्या मात्रा त्या आघातांवर पडतात. मराठीत असा अर्थवाही आघात नाही. मराठी पद्याचा तोल वृत्तांत लघु-गुरू क्रमावर, जातिरचनेत मात्रांवर आणि ओवी-अभंगात अक्षरसंख्येवर व यमकावर असतो. अक्षरे मोजून भाषांतर केले तरी ऱ्हस्व अक्षर दीर्घ स्वरावर पडते, आणि ‘कृपा’ या शब्दातील पहिलेच अक्षर ताणले जाऊन शब्द अनोळखी होतो. गाणाऱ्याला चाल येते, ऐकणाऱ्याला शब्द कळत नाही.

दुसरा भेद गायनाच्या पद्धतीचा होता. हिम हे पुस्तकावरून गायचे गीत आहे. प्रत्येक कडव्याचे शब्द नवे, चाल तीच आणि सर्वांनी एकाच वेळी गायचे. अभंग किंवा भजन याउलट एकाने आरंभायचे असते. इतरांनी ध्रुपद धरायचे, टाळकऱ्यांनी लय सांभाळायची आणि ओळ मनात मुरेपर्यंत पुनःपुन्हा घोळायची. एकोणिसाव्या शतकातील खेड्यांत बहुसंख्य ख्रिस्ती स्त्री-पुरुष निरक्षर होते. त्यांच्या दृष्टीने पुस्तकावाचून न गाता येणारे गीत आणि एकदा ऐकून गाता येणारे गीत यांतील अंतर अभिरुचीचे नव्हते, उपासनेत सहभागी होता येईल की नाही याचे होते. देशी चालींच्या पुरस्काराचे हे सर्वांत ठोस कारण होते. राष्ट्रीय भावनेचा भाग नंतर आला.

कीर्तनाचा स्वीकार

१८६० च्या दशकात अहमदनगर परिसरात ख्रिस्ती कीर्तनाचा उपक्रम रूढ होऊ लागला. कवी व गायक कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांचे नाव या संदर्भात अग्रक्रमाने घेतले जाते. नमन, पूर्वरंगातील निरूपण, उत्तररंगातील आख्यान, मधून मधून पद, साकी, दिंडी, आर्या ही नारदीय कीर्तनाची चौकट कायम ठेवून आख्यान मात्र बायबलमधील घेतले गेले. उधळ्या पुत्राचा दृष्टान्त किंवा योसेफाची कथा आख्यानासाठी किती अनुकूल होती, हे कीर्तनाची शैली जाणणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

हा उपक्रम आक्षेपांवाचून पुढे गेला नाही. कीर्तनकार उभा राहतो ती देवळातील जागा, गळ्यातील हार, झांज आणि मृदंग यांच्याशी मूर्तिपूजेचा संबंध जोडला जात होता. त्यावर तोड म्हणून बहुधा कीर्तन हे प्रचाराचे साधन मानून वार्षिक मेळाव्यात व गावोगावच्या सभांत ठेवले गेले, तर रविवारची उपासना हिमकडे राहिली. देशी संगीत बाहेरच्यांसाठी आणि विलायती संगीत घरच्यांसाठी ही वाटणी मोठी विलक्षण होती. ज्यांना आपलेसे करावयाचे त्यांच्यापुढे त्यांचे संगीत ठेवायचे आणि ते आपले झाले की त्यांना ते सोडावयास लावायचे, असा तिचा व्यवहारातील अर्थ होत होता. दक्षिणेत तंजावरच्या वेदनायगम शास्त्री यांनी त्याआधीच तमिळ ख्रिस्ती गीतांची मोठी परंपरा उभी केली होती. मराठीला त्या तोडीच्या रचनाकारासाठी शतकाच्या अखेरपर्यंत थांबावे लागले.

टिळकांचा तुकाराम

नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांना पाठ्यपुस्तकांनी ‘फुलामुलांचे कवी’ करून ठेवले आहे. परिणामी मराठीच्या अभ्यासकांना त्यांच्या निसर्गकविता परिचित असतात आणि त्यांची उपासनागीते अपरिचित राहतात. प्रत्यक्षात त्यांच्या काव्यातील सर्वाधिक गायला गेलेला भाग हाच आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यानंतर ते अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात आले. अहमदनगर व राहुरी ही त्यांची कार्यक्षेत्रे होती. १९१२ पासून त्यांनी ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन केले. ‘अभंगांजली’तील रचना आणि ‘ख्रिस्तायन’चा आरंभीचा भाग या त्यांच्या उत्तरायुष्यातील कृती होत. ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाई टिळकांनी पूर्ण केले. ‘उपासना संगीत’ या प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या सामाईक गीतसंग्रहात टिळकांच्या रचना मोठ्या संख्येने आहेत.

टिळकांनी अभंग निवडला, याचा अर्थ नीट लावला पाहिजे. ते चित्पावन ब्राह्मण होते. संस्कृत वृत्ते आणि मोरोपंती आर्या ही त्यांच्या वर्गाची प्रतिष्ठित काव्यपरंपरा होती आणि त्यावर त्यांचे प्रभुत्वही होते. तरीही उपासनेसाठी त्यांनी तुकारामांचा छंद उचलला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असा त्यांचा प्रसिद्ध अभिप्राय आहे. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा मोठा अभंग किंवा आठ-आठ अक्षरांचा लहान अभंग हा वाचता न येणाऱ्याच्याही तोंडी बसतो. येथे अक्षर चालीसाठी मोडावे लागत नाही, चालच अक्षराला वाट करून देते. हिमच्या भाषांतरांत जी अडचण पन्नास-साठ वर्षे सुटत नव्हती ती टिळकांच्या हाती सुटली, ती त्यांनी भाषांतर सोडले म्हणून.

आशयाच्या अंगानेही फरक पडला. टिळकांच्या गीतांत ख्रिस्त हा गुरू, सखा, माउली अशा संतपरंपरेतील नात्यांनी येतो. देवाला ‘आई’ म्हणणे इंग्रजी हिममध्ये सहज शक्य नव्हते. वारकरी भाषेत ते इतके स्वाभाविक होते की त्याबद्दल वेगळे समर्थन देण्याची गरज पडली नाही. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले दोघेही ख्रिस्तभक्त सामावून घेण्याची त्यांची कल्पना होती. उपासनेच्या संगीताचा प्रश्न त्यांच्यापुरता चर्चच्या स्वरूपाच्या प्रश्नापर्यंत जाऊन पोहोचला होता. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, त्यांचे मुंबईत निधन झाले आणि दरबार मागे पडला. गीते मात्र राहिली. त्यांचे चरित्र लिहिणारे अँग्लिकन मिशनरी जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये स्थापन केलेल्या ख्रिस्त सेवा संघातही भारतीय धर्तीच्या उपासनेचा हा धागा पुढे चालू राहिला.

वाद्यांविषयी थोडेसे

वाद्यांच्या बाबतीत देशी-विदेशी हा भेद किती फसवा असतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे बाजाची पेटी. १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये आकाराला आलेले हे वाद्य लहान चर्चला ऑर्गनऐवजी सोयीचे म्हणून युरोपात पसरले आणि मिशनऱ्यांबरोबर भारतात आले. १८७५ च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ते मांडी घालून वाजविता येईल असे, हाताने भात्याचे केले. पुढे कीर्तन, भजन, नाट्यसंगीत सर्वत्र पेटी शिरली. गंमत अशी की, आकाशवाणीने १९४० मध्ये भारतीय संगीताला अनुचित म्हणून पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. त्याच काळात ग्रामीण ख्रिस्ती मंडळ्यांत पेटी-तबला ही ‘देशी’ उपासनेची खूण मानली जात होती.

हलगी का आली नाही?

आता मूळ प्रश्नाकडे येता येईल. टिळकांच्या गीतांनी मराठी उपासना देशी झाली, हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. अहमदनगर, जालना आदी भागांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः १८७६-७८ च्या दुष्काळाच्या मागेपुढे, जे ख्रिस्ती झाले त्यांत महार व मांग समाजांचे प्रमाण मोठे होते. या समाजांची सांगीतिक परंपरा समृद्ध होती. हलगी, संबळ, सनई ही वाद्ये, पोवाडा, तमाशातील गण-गवळण, पोतराजाची गाणी आणि स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या अशी तिची व्याप्ती होती. यांपैकी गीतसंग्रहात काय आले, हे पाहता अभंग आणि पद यांचे वर्चस्व ठळकपणे जाणवते. हलगी दाराबाहेरच राहिली.

याचे सोपे स्पष्टीकरण असे दिले जाते की, ब्राह्मण धर्मांतरितांच्या हाती लेखणी होती, म्हणून त्यांची अभिरुची प्रमाण ठरली. त्यात तथ्य आहे. कीर्तन, पद, शास्त्रोक्त राग यांना त्याच काळात मध्यमवर्गीय प्रतिष्ठा लाभत होती. पुण्यात १८७४ मध्ये गायन समाज स्थापन झाला होता आणि १९०१ मध्ये विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. तमाशा व लावणी मात्र या प्रतिष्ठेच्या कक्षेबाहेर ढकलली जात होती. मिशनच्या नैतिक दृष्टीलाही तमाशा त्याज्यच होता. तरीही एवढ्यावर थांबल्यास दोन गोष्टी निसटतात.

पहिली अशी की, अभंग हा ब्राह्मणी प्रकार नव्हता. चौदाव्या शतकातील चोखामेळा, सोयराबाई, बंका यांचे अभंग महार समाजाच्या भजनात जिवंत होते. टिळकांचा अभंग वस्तीवर पोहोचला तेव्हा तो तेथे पाहुणा नव्हता. गीतसंग्रहातील इतर काही संस्कृतप्रचुर पदांना ही सोय लाभली नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हलगी वाजविणे हे मांगांचे हौसेचे गायनवादन नव्हते. गावकीतील जातिनिष्ठ काम म्हणून ते त्यांच्यावर लादलेले होते. मिरवणुकीत, लग्नात, प्रेतयात्रेत वाजवायचे, देवळाबाहेर उभे राहायचे आणि मोबदला म्हणून मिळेल ते स्वीकारायचे. ज्याच्या बापजाद्यांनी असे वाजविले, त्याला ख्रिस्ती झाल्यावर हलगी खाली ठेवणे हा संस्कृतीचा त्याग न वाटता सुटका वाटली असल्यास नवल नाही. त्या दृष्टीने विलायती हिमलाही एक गुण होता, आणि तो मिशनऱ्यांच्या ध्यानी आला होता असे दिसत नाही. त्या चालीला जात नव्हती. ऑर्गन कोणी वाजवावा आणि कोणी वाजवू नये, हे गावाने ठरवून दिलेले नव्हते. आजही काही जुन्या मंडळ्यांत वयस्कर लोक हिमच्या चालींचा आग्रह धरतात, तेव्हा त्याला केवळ साहेबी वेड म्हणून हिणविणे इतिहासाला धरून होणार नाही.

याच समाजांतून पुढे दुसऱ्या वाटेने झालेला प्रयोग येथे तुलनेस घेता येतो. सत्यशोधक जलशांनी आणि नंतर भीमराव कर्डक प्रभृतींच्या आंबेडकरी जलशांनी तमाशाचाच साचा घेतला, त्यातील गण-गवळण बदलली आणि तो साचा विद्रोहासाठी वापरला. अण्णाभाऊ साठे (१९२०-१९६९) यांनी तमाशाचे लोकनाट्य केले. म्हणजे हीन ठरविलेला प्रकार टाकून देणे हा एक मार्ग होता, तसा तो ताब्यात घेऊन त्याचा अर्थ बदलणे हाही मार्ग होता. मराठी ख्रिस्ती उपासनेने दीर्घकाळ पहिलाच मार्ग धरला. त्यासाठी जलशासारखे स्वायत्त व्यासपीठ लागते. मिशनच्या आर्थिक आधारावर चालणाऱ्या मंडळीत ते मिळणे कठीण होते.

या प्रश्नाला ईश्वरविज्ञानात शब्दरूप मिळण्यास १९८० चे दशक उजाडावे लागले. भारतीय ख्रिस्ती चिंतन ब्राह्मणी परंपरेशीच संवाद करीत राहिले, चर्चमधील बहुसंख्य दलितांच्या इतिहासाशी नव्हे, ही टीका ठामपणे मांडणाऱ्यांत महाराष्ट्रातून आलेले अरविंद निर्मळ हे अग्रणी होते. संगीताच्या क्षेत्रात ती टीका कृतीत आणली ती मदुराईच्या थिओफिलस अप्पावू (१९४०-२००५) यांनी. कर्नाटक शैलीतील ख्रिस्ती कीर्तनांऐवजी त्यांनी तमिळ लोकसंगीत आणि पराई हे दलितांचे वाद्य उपासनेत आणले. पराईचा सामाजिक इतिहास हलगीसारखाच अवमानाचा आहे, म्हणून हे उदाहरण मराठी संदर्भात विशेष बोलके ठरते.

कॅथलिक उपासनेतील बदल

कॅथलिक परंपरेत ही प्रक्रिया उशिरा आणि वरून सुरू झाली. लॅटिन मिस्सा चालू असेपर्यंत मराठी गीतांना मुख्य विधीत फारसे स्थान नव्हते, ती नोव्हेना व अन्य भक्तिप्रकारांत गायली जात. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविधीविषयक संविधान संमत केले. त्यात ग्रेगोरियन गायनाचे स्थान कायम ठेवूनही मिशन प्रदेशांतील लोकांच्या सांगीतिक परंपरांना योग्य महत्त्व द्यावे, असे सांगितले आहे. त्यानंतर वसई, मुंबई, पुणे येथील धर्मग्रामांत मराठी मिस्सा व भजने रुळली. आरती, समई, भजन यांच्या स्वीकाराला ‘सांस्कृतिकीकरण’ असे नाव मिळाले. मात्र वसईसारख्या ठिकाणी, जेथे ख्रिस्ती लोकांची स्वतःची लग्नगीते व बोली पिढ्यान्‌पिढ्या टिकून होत्या, तेथे बाहेरून आलेली संस्कृतनिष्ठ आरती ही त्यांना ‘आपली’ का वाटावी, हा प्रश्न उरतोच. येथेही भारतीय म्हणजे कोणाचे, हे आधीच ठरून गेले होते.

अभंगाचा परदेशप्रवास

पाश्चात्त्य मंडळ्यांनीही भिन्न संस्कृतीतील गीते निवडण्यास विसाव्या शतकात आरंभ केला आणि त्यात टिळकांना लवकर स्थान मिळाले. पुण्यात कार्य केलेले स्कॉटिश मिशनरी निकोल मॅकनिकल हे मराठी संतांच्या अभंगांचे अनुवादक म्हणून परिचित आहेत. त्यांचा ‘साम्स ऑफ मराठा सेंट्स’ हा ग्रंथ १९१९ चा. त्यांनी टिळकांच्याही काही रचना इंग्रजीत आणल्या. त्यांतील एक स्कॉटलंड व अमेरिकेतील गीतसंग्रहांत समाविष्ट झाली. आपण शिष्य म्हणवून घेण्यासही अपात्र आहोत, या संतपरंपरेतील लीन भावाची ती रचना आहे. हा गौरव खराच होता. परंतु रूपांतर केले गेले ते कॉमन मीटरमध्ये, आठ व सहा अक्षरांत. अभंगाचे ध्रुपद गेले, टाळ गेला, एकाने म्हणावे आणि इतरांनी उचलावे ही रीत गेली. टिळकांनी ज्या मीटरपासून मराठी उपासनेला सोडविले होते, त्याच मीटरमध्ये त्यांचे गीत परदेशी मंडळीसमोर ‘भारतीय’ म्हणून उभे राहिले.

पुढे आशियाई ख्रिस्ती परिषदेच्या ‘साउंड द बांबू’ या १९९० च्या संग्रहात तैवानचे संगीतज्ञ लो इ-तो यांनी वेगळे धोरण ठेवले. आशियाई गीते त्यांच्या मूळ चालींसह, शक्य तेथे मूळ शब्दांसह छापली जावीत आणि त्यांवर चार स्वरांचे पाश्चात्त्य संवादन लादू नये, असा त्यांचा आग्रह होता. इंग्रजीत गेलेल्या टिळकांच्या त्या अभंगाला मात्र तोवर इंग्रजी मीटरचीच चाल चिकटली होती.